पहिल्या पिंपाचा खिळा

बिअर वाईट निघाली असती तर सगळ्यात मोठा फायदा थोरलीचा, घरातल्या थोरल्या सुनेचा होता, आणि तो तिने मनातल्या मनात इतक्या वेळा मोजला होता की एखाद्या गुळगुळीत नाण्यासारखा तो आता हाताला ओळखीचा लागत होता. मागची खोली. दगडी जमीन, म्हणजे भट्टीचं वजन बिनघोर ठेवता येईल. कोपऱ्यात नळ, नळाखाली मोरी, म्हणजे चिखलाचे हात घेऊन घरभर फिरायला नको. उन्हाळ्यातही गारवा, म्हणजे ओली माती झाकून ठेवली की आठवडाभर लोण्यासारखी मऊ. मातीची भांडी घडवून विकणाऱ्या बाईला देवाने समोर येऊन ‘माग’ म्हटलं असतं, तरी तिने याहून वेगळं काही मागितलं नसतं. गेली तीन वर्षं ती वरच्या मजल्याच्या गॅलरीत चाक फिरवत होती, आणि वाळलेली भांडी टोपल्यांत भरून गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच्या भट्टीत भाजायला नेत होती. वाटेतला प्रत्येक खड्डा एखाद्या कपाचा कान ठेवून घेत असे.

त्या मागच्या खोलीत सध्या तीन लाकडी पिंपं होती. ती धाकट्याची, म्हणजे तिच्या दिराची. धाकटा पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. दिवसभर लोकांच्या पाण्यात काही वाढू नये म्हणून जीव आटवायचा, आणि संध्याकाळी घरी येऊन पिंपात काय काय वाढतंय ते बघून खूश व्हायचं, असा त्याचा दुहेरी संसार होता. तिसरा त्याने थाटलाच नव्हता.

आंबट बिअर ही घाईची वस्तू नव्हे. सातू आणि गहू शिजवून त्यांचं गोड पाणी पिंपात भरायचं, हवेतलं आणि लाकडातलं जे काही त्यात रुजेल ते रुजू द्यायचं, वर साय धरली की ती मोडायची नाही, आणि मग वर्षानुवर्षं गप्प बसायचं. या घरात गप्प बसणं कुणालाच जमत नव्हतं, त्यामुळे ते काम पिंपांवर सोपवलेलं बरं, असं सगळ्यांनाच सुरुवातीला वाटलं होतं.

पण खोली एकच होती, आणि तीन वर्षांपूर्वी दिराने आणि भावजयीने ती एकाच जेवणात मागितली. त्या रात्रीचं भांडण आईने मिटवलं, म्हणजे पुढे ढकललं. पिंप आधी आलंय, ते राहील. ते तीन वर्षांनी उघडायचं. बाहेरगावच्या ताईला धरून घरातल्या पाच जणांपैकी तिघांनी चांगली म्हटली, तर खोली धाकट्याची, कायमची. नाही म्हटली, तर पिंपं बाहेर आणि चाक आत. धाकट्याने मान डोलावली. दर वर्षी त्याने एक नवं पिंप आणून पहिल्याशेजारी ठेवलं, आणि मधूनच, हवामान सांगावं तितक्या सौम्यपणे, एवढंच सांगून ठेवलं की पिंपं गेली तर तोही त्यांच्यासोबत जाईल. मित्राच्या गोदामामागे एक खोली रिकामी आहे.

आज रविवारी ती मुदत भरत होती.

ताई सकाळीच येऊन थडकली होती. ती भावंडांत सगळ्यात मोठी. विमा कंपनीसाठी जळलेली दुकानं आणि बुडालेली गोदामं बघून नुकसान किती खरं आणि किती सजवलेलं हे ठरवण्यात तिची हयात गेली होती. आता निवृत्त होऊन ती कायमची घरी राहायला येणार होती, आणि तिने वरच्या गॅलरीवर नजर ठेवली होती. सकाळचं ऊन, खाली बाग, आरामखुर्ची. गॅलरीत चाक आहे तोवर खुर्चीला जागा नाही, आणि पिंपं खाली आहेत तोवर चाक हलत नाही. एवढी साधी वजाबाकी ताईने घरात पाऊल ठेवायच्या आधीच उरकली होती.

तिने थोरलीला जिन्यात गाठलं. दोघी कपड्यांच्या घड्या वर नेण्याच्या निमित्ताने बराच वेळ एकाच पायरीवर उभ्या राहिल्या. ताईचं म्हणणं असं पडलं की चव कशी का असेना, खरं काम तोंडाचं असतं.

“तोंड वाकडं करायचं ते घोट घेतल्याबरोबर,” ती म्हणाली. “थांबून केलंस की कुणी खरं मानत नाही. मी आयुष्यभर हेच बघत आलेय.”

थोरलीने विचारलं, की आणि चांगली असली तर?

“सडवलेलं पाणी गं ते, तीन वर्षांचं. चांगलं कुठून असणार?”

थोरलीला हे पटलं. पटण्यात सोय होती. तिसरं मत तिच्या नवऱ्याचं, म्हणजे थोरल्याचं, आणि ते तिच्या पदरात होतं असं ती धरून चालली होती. थोरला रेल्वेत वेळापत्रकं बसवायचा. कुठलीही गाडी उशिरा येते असं तो कधी म्हणत नसे, तिची वेळ सुधारली आहे असं म्हणत असे. अंथरुणात मातीची कचकच आता नको, असं त्याने मागच्याच आठवड्यात स्वतःहून काढलं होतं. म्हणजे ती, ताई आणि थोरला. तीन झाले. खोली मिळाल्यात जमा होती, आणि तरी जिना उतरताना थोरलीला आपण कुणाच्या तरी खिशात हात घातल्यासारखं वाटत होतं.

*

मागच्या खोलीत धाकटा पहिल्या पिंपासमोर स्टुलावर बसला होता. पिंपाच्या तोंडच्या फळीत, अर्ध्या उंचीवर, बोटाच्या पेराएवढा एक पोलादी खिळा ठोकलेला होता. झाकण उघडलं तर साय मोडते आणि हवा आत जाते, म्हणून चव बघायची ती अशी: पक्कडीने खिळा ओढायचा, भोकातून बारीक धार उडते ती भांड्यात धरायची, आणि खिळा पुन्हा दाबून बसवायचा. त्याने पहाटेच एकदा खिळा काढला होता. अर्धा पेला भरून त्यात प्रयोगशाळेतलं आंबटपणा मोजायचं यंत्र बुडवलं होतं. आकडा अगदी हवा तसा आला होता.

आकड्याने त्याचं समाधान झालं नाही, कारण यंत्राला आंबट किती ते कळतं, कसलं ते कळत नाही. दह्याचा आंबटपणाही आंबट, आणि व्हिनेगरचाही. पिंपात पहिला हवा असतो. दुसरा शिरला असेल तर तीन वर्षं मोरीत ओतायची. फरक कळतो तो नाकाला, आणि धाकट्याचं नाक हिवाळ्यातल्या त्या मोठ्या तापापासून बंद होतं. सर्दी जाऊन महिने लोटले, वास परत आला नाही. जिभेवर आंबट, गोड, खारट, कडू एवढी चार दारं उघडी होती. त्यापलीकडचं सगळं घर अंधारात होतं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पाच जणांत एक मत त्याचं होतं. ज्याला वासच येत नाही त्याचं मत कोण धरणार? पण आज स्टुलावर बसून त्याला मतांपेक्षा वेगळीच भीती वाटत होती. खोली राहिली आणि पिंपात व्हिनेगर असलं तर? सगळे आपापल्या सोयीचं बोलतील, आणि त्याला कळणारच नाही की त्याने काय केलंय.

आई दारात येऊन उभी राहिली. सगळं तयार आहे ना, असं तिने विचारलं, आणि हा कार्यक्रम इथे नाही, बाहेरच्या बैठकीत होईल, असं जाहीर केलं. निकालाच्या गोष्टी उभ्या उभ्या करायच्या नसतात, हे तिचं म्हणणं. जाताना ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. तिला ठाऊक होतं. थंडीत एकदा चुलीवर दूध करपून सगळं घर करपट वासाने भरलं होतं, आणि हा त्या पातेल्याशेजारी बसून पेपर वाचत होता. तिने तेव्हा खिडक्या उघडल्या आणि काही विचारलं नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आल्यावर काहीतरी करावं लागेल, तो ती सहसा विचारत नसे. आज मात्र तिने मनाशी एक ठरवलं होतं: कशीही लागो, आपण छान म्हणायचं. मुलगा घरात राहिला पाहिजे. त्याला स्वतःला कळणार नाही, हे एका परीने बरंच.

*

बैठक म्हणजे घरातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कमी वापरलेली खोली. रस्त्यावर उघडणारं रुंद दार, दोन उंच खिडक्या, पांढऱ्या खोळी घातलेला सोफा. खोळीवर बसायची प्रत्यक्ष मनाई नव्हती, पण बसणाऱ्याकडे आई अशी बघे की माणूस आपण होऊन खुर्ची शोधे. त्यामुळे पाचही जण खुर्च्या ओढून सोफ्याभोवती बसले, आणि सोफा पाहुण्यासारखा मधे रिकामा राहिला.

धाकट्याने काचेच्या जगमधून पाच पेले भरले. रंग जुन्या तांब्यासारखा होता, फेस नावापुरता.

आईने आधी घेतली. तिचे डोळे बारीक झाले, गालांत खड्डे पडले, उजवा पाय नकळत चपलेतून बाहेर आला. मग तिने पेला खाली ठेवला, पदराने डोळे टिपले, आणि छान आहे, म्हणाली. फार छान आहे. तिच्या आवाजात इतकं प्रेम होतं की एकाचाही विश्वास बसला नाही.

ताईने ठरल्याप्रमाणे घोट आणि तोंड एकाच वेळी उरकलं. तिचा निर्णय छोटा होता: व्हिनेगर. सॅलडवर घालायला एक बाटली ठेवा, बाकीचं झाडांना. धाकट्याने एकदम तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा उतरला की ताईला आपलं काम गरजेपेक्षा चांगलं झाल्याचा संशय आला. असे चेहरे तिने जळलेल्या दुकानांसमोर पाहिले होते. सजवलेल्या नुकसानीत ते दिसत नाहीत.

थोरल्याने पेला उजेडात धरला, फिरवला, घोट घेतला, आणखी एक घेतला. मग म्हणाला की विचार करण्यासारखी आहे. कुठल्या बाजूने, असं ताईने विचारल्यावर त्याने दोन्ही बाजूंनी, असं उत्तर दिलं आणि बायकोकडे पाहिलं. त्याची गाडी सिग्नलला उभी होती.

थोरलीने पेला तोंडाला लावला. चेहरा तिने आधीच तयार ठेवला होता. भुवया, ओठाचा एक कोपरा, सगळं जागच्या जागी. घोट जिभेवर आला आणि चेहरा यायचा राहूनच गेला.

आधी लिंबाच्या सालीसारखं काहीतरी झटकन चमकून गेलं. त्यामागून कच्चं सफरचंद, सालीसकट खाल्लेलं. आणि मग, जिथे चव संपायला हवी तिथे, ती तिला फार ओळखीची वाटली: वाळत आलेल्या मातीवर पाणी शिंपडल्यावर येतो तो वास. तिने दुसरा घोट घेतला. चुकून नव्हे.

आता तोंड वाकडं करायला उशीर झाला होता, हे तिला ताईच्याच नियमाने कळत होतं. तरी नुसतं ‘नाही’ म्हणता आलं असतं. थोरला तिच्या शब्दाची वाट बघत होता. तिने मान वर केली, तर धाकटा तिच्याकडे बघत होता. आईकडे नाही, ताईकडे नाही. मतं मोजणारा माणूस असा बघत नाही.

“वहिनी,” तो म्हणाला, “खोलीचं राहू द्या क्षणभर. व्हिनेगर आहे का, एवढं सांगा.”

“तुमच्या हातात पेला आहे की, भावोजी.”

“आहे.”

“मग?”

तो पेल्याकडे बघत राहिला. “मला वास येत नाही. हिवाळ्यापासून. मला आंबट लागतं, पुढचं काही कळत नाही.”

आई खोळीची नसलेली सुरकुती सारखी करू लागली.

“तुला माहीत होतं,” ताई आईला म्हणाली. तिची ती सवयच होती, कोण कुठे बघत नाही ते बघायची.

आईने ते नाकारलं नाही. धाकटा जरासा हसला. मग तुझं ‘छान’ धरता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि आईने ताठ होऊन सांगितलं की मी छान म्हटलं ते म्हटलं.

“पण मलाच का विचारताय?” थोरली म्हणाली.

“कारण ती बिघडली असली तर सगळ्यात जास्त तुम्हाला मिळतं. बाकीचे कुणी चांगली म्हणाले तर मला शंका येईल. तुम्ही म्हणालात तर नाही येणार.”

थोरलीला राग आला. इतका साधा हिशेब या माणसाने स्टुलावर बसून केला होता आणि त्याचं सगळं ओझं तिच्या जिभेवर आणून ठेवलं होतं. आता ‘व्हिनेगर’ हा एक शब्द पुरे होता. तो वादही घालणार नव्हता. उठून तिन्ही पिंपं मोरीत रिकामी करणार होता, आणि संध्याकाळपर्यंत खोली धुऊन तिच्या स्वाधीन करणार होता. नंतर कधीही, कुणालाही कळलं नसतं. तिच्याशिवाय.

“व्हिनेगर नाही,” ती म्हणाली. “चांगली आहे. मला आवडली. आणि हे बोलताना मला काय वाटतंय ते कुणी विचारू नका.”

“खरंच?”

“सफरचंद आहे, कच्चं. लिंबाची साल. शेवटी ओल्या मातीचा वास, आणि तो कसा असतो ते मला कुणी शिकवायची गरज नाही.”

धाकट्याने मान खाली घातली. बऱ्याच वेळाने वर केली तेव्हा त्याचे डोळे आईसारखेच पाणावलेले होते, फक्त त्याने काही प्यायलं नव्हतं.

थोरल्याने लगेच घसा साफ करून सांगितलं की त्यालाही पहिल्यापासून हेच वाटत होतं, शब्द सापडत नव्हते. ताई थोरलीकडे टक लावून बघत होती. दावा वाढवून सांगणारे तिने शेकड्यांनी पाहिले होते. स्वतःचा दावा स्वतः फाडणारी बाई तिच्या फायलींत एकही नव्हती. तिला आधी चीड आली, मग गंमत वाटली, आणि मग तिने आपला पेला पुन्हा उचलून, या वेळी तोंडाची काळजी न करता, एक घोट घेतला.

“हम्म,” ताई म्हणाली. तिच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र आजवर कुणाला मिळालेलं नव्हतं.

“पण एकटी फार करकरीत आहे,” थोरली म्हणाली. राग अजून थोडा शिल्लक होता, आणि तो कुठेतरी खर्च व्हायला हवा होता. “धार आहे, अंग नाही. शेवट लवकर येतो. दुसऱ्या पिंपांत काय आहे?”

मग सगळेच मागच्या खोलीत गेले. पक्कड थोरल्याच्या हातात दिली गेली, कारण त्याला मत नको होतं, काम हवं होतं. सगळ्यात नव्या पिंपातली अजून गोडसर होती, जरा बालिश. मधल्यातली फळासारखी भरलेली. धाकटा मापाच्या नळीने ओतायचा, थोरली घोट घ्यायची आणि सांगायची: जुनी कमी करा, मधली वाढवा, नको, आता झोपली, नवी चमचाभर टाका. तो ‘झोपली म्हणजे कशी’ असं विचारायचा, आणि ती त्याला वासाचं वर्णन भांड्यांच्या भाषेत करून द्यायची. ही काठाशी जाड झाली. हिचं बूड हललं. आश्चर्य म्हणजे त्याला ते कळत होतं. ताईने बाटल्या विसळायला घेतल्या, कुणी सांगितलं नसताना. सगळे हसत होते, आणि त्यातलं थोडंसं हसू बिअरचंही होतं.

एका मिश्रणाशी थोरली थांबली. परत घोट घेतला. पेला नवऱ्याच्या हातात दिला. तो पिऊन इतका गप्प झाला की धाकट्याने प्रमाण लगेच पेन्सिलीने पिंपावरच लिहून टाकलं.

तेव्हा तिची नजर सहज खोलीवरून फिरली. नळ, मोरी, गार दगड. धाकट्याने ते पाहिलं. तो म्हणाला की आपण दोघं मिळून वापरू, एका भिंतीला तुमचं चाक. तिने मान हलवली. भट्टीच्या उष्णतेने पिंपं महिन्याभरात मरतील, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. भावोजी, उगाच चांगुलपणा करू नका, म्हणाली, आज माझा पुरे झालाय.

बाहेरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मघापासून आई तिथे नव्हती, हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बैठकीत जाऊन बघतात तर तिने सोफ्याच्या खोळी काढून घडी घालून ठेवल्या होत्या, आणि तो दिवाणखान्याचा राजा एकटीने भिंतीपासून हातभर सरकवला होता.

“भट्टी केवढी असते गं?” तिने थोरलीला विचारलं. “रुंदीला?”

“आई, ही बैठक आहे.”

“बसतं कोण इथे?” आई म्हणाली. “जमीन दगडी आहे. पाणी भिंतीपलीकडून आणता येईल, याला सांगू, पाण्याचंच खातं आहे त्याचं. दार रस्त्यावर आहे, भांडी इथूनच विक.”

थोरलीने नको म्हटलं, मग पुन्हा नको म्हटलं, पण दुसऱ्या ‘नको’च्या वेळी तिची नजर खिडक्यांची उंची मोजत होती. ताईने तेही टिपून घेतलं.

“मुलगा घरात राहिला, तो माझा फायदा,” आई म्हणाली. “तो मी खोटं बोलून मिळवणार होते. तू खरं बोलून मिळवून दिलास. मग भरायचं कुणी?”

आणि तिने सोफ्याला पुन्हा हात घातला.

तर संध्याकाळपर्यंत जमाखर्च असा झाला. धाकट्याला खोली मिळाली, पण पिंपांची जीभ यापुढे वहिनीची. तिने घोट घेतल्याशिवाय एकही बाटली बंद व्हायची नाही. ताईला तिची गॅलरी मिळाली, आणि तिच्या मते यात तिचं काहीच गेलं नाही. थोरल्याने सोफा उचलला, त्याची पाठ दोन दिवस सुधारित वेळेनुसार चालली. थोरली सगळं द्यायला निघाली होती, तिचं काही घेतलं गेलं नाही. भरलं ते आईने. तिची बैठक गेली. सोफा तिच्या झोपायच्या खोलीत आला आणि तिला पलंगावर आडव्या चालीने चढावं लागू लागलं. शिवाय ‘छान’ हा शब्द तिने शेवटपर्यंत मागे घेतला नाही, म्हणून रोज जेवणाआधी धाकटा मोठ्या कौतुकाने तिच्यापुढे एक पेला ठेवू लागला, आणि ती डोळे मिटून, पाय चपलेतून काढून, तो शेवटच्या थेंबापर्यंत फेडू लागली.